टेकडीवर देशी झाडं परत आणायची आहेत? नव्या स्वयंसेवकांसाठी पहिल्या तीन वर्षांचं काम

दरवर्षी जून उजाडला की ओळखीतून फोन यायला लागतात. "ताई, आमच्या सोसायटीतले पंचवीस-तीस जण तयार आहेत. येत्या रविवारी टेकडीवर झाडं लावायची आहेत. रोपं कुठं मिळतील?" उत्साह खरा असतो, म्हणून मी प्रत्येकाशी सविस्तर बोलते. तेच सगळं इथं एका जागी लिहून ठेवते आहे. हे पुण्याच्या टेकड्यांच्या अनुभवावरून लिहिलं आहे. काळा कातळ, वर वीतभर माती, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, अशी जिथं जिथं टेकडी असेल तिथं यातलं बरंचसं लागू पडेल.

आमच्या पहिल्या वर्षी आम्ही दोनशे रोपं लावली. फोटो काढले, पोहे खाल्ले, घरी आलो. पुढच्या जूनमध्ये मोजली तेव्हा चौदा जिवंत होती. त्याहून मोठी चूक मला दोन वर्षांनी कळली. "इथं मोकळी जागा आहे" म्हणून ज्या पठारावर आम्ही खड्डे घेतले, तिथं दरवर्षी पहिल्या पावसानंतर पांढरी मुसळी फुलायची आणि भाद्रपदात भुईआमरीचे तुरे यायचे. आमच्या खड्ड्यांच्या रांगेत ती आता येत नाहीत. त्या पट्ट्यावरून जाताना मला अजून वाईट वाटतं. तुमच्याकडून हे होऊ नये यासाठी पहिली पायरी.

१. एक वर्ष नुसती टेकडी बघा

हे ऐकून निम्मे लोक गळतात. तरी मी आग्रह सोडत नाही. टेकडीवर काय आहे ते माहीत नसताना तिथं काय हवं ते ठरवता येत नाही.

पुण्याच्या टेकड्या मुळात घनदाट जंगलाच्या नाहीत. गवत, गवतात मधूनमधून झाड, घळीत आणि ओढ्याच्या काठाला जरा दाट झाडी, असं त्यांचं रूप. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं आणि त्यांच्यामधले कंद, वेली, लहान फुलझाडं हीच तिथली मुख्य वनस्पती आहे. मार्च-एप्रिलमध्ये सगळं वाळून पिवळं पडतं आणि खालून येणाऱ्याला टेकडी उजाड दिसते. ती उजाड नसते. रानकांदा त्याच दिवसांत पानांशिवाय नुसत्या दांड्यावर फुललेला असतो आणि टिटवी उघड्या खडीत अंडी घालून बसलेली असते.

महिन्यातून दोनदा एकाच वाटेनं जा आणि एकाच दगडावर उभं राहून चारी दिशांचे फोटो काढा. वहीत चार गोष्टी लिहा: काय फुललं, कशाला फळ धरलं, कुठं पाणी साचतं, कुठून गुरं चढतात. माघ-फाल्गुन सोडू नका. पानं गळलेली असतात आणि झाडं फुलांवरून लांबून ओळखता येतात. पळस केशरी, गणेर पिवळाधमक, पांगारा लाल. पांढरूख, ज्याला कोणी कांडोळ म्हणतं, ती त्या दिवसांत तिच्या पांढऱ्या गुळगुळीत खोडावरून ओळखू येते.

आमच्या उतारावर एक मामा शेळ्या घेऊन येतात. पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे शत्रू म्हणून बघायचो. एकदा मी एका वाळक्या काटकीपाशी थांबले होते, मेलेली समजून उपटायला हात घातला, तर मामा मागून म्हणाले, "ओ ताई, गनेर हाय ती. ऱ्हाऊ द्या. दोन हप्त्यांनी या." दोन आठवड्यांनी गेले तर त्या काटकीच्या टोकाला तळहाताएवढी तीन पिवळी फुलं होती आणि खाली एकही पान नव्हतं. त्यानंतर आम्ही मामांना विचारल्याशिवाय काहीही उपटत नाही. तुमच्या टेकडीवरही असा कोणीतरी असेल, त्यांना शोधा. गवत कापणाऱ्या मावशी असतील, मंदिराचे गुरव असतील.

ओळख पटत नसेल तर पान, फूल, फळ आणि खोड असे चार वेगवेगळे फोटो काढा. आयनॅचरलिस्टसारखं अ‍ॅप सुरुवातीला उपयोगी पडतं, पण त्याचं पहिलं उत्तर अंतिम मानू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना एकदा टेकडीवर बोलवा. ते आनंदानं येतात, असा माझा अनुभव आहे.

२. जमीन कोणाची आहे ते शोधा, मग परवानगी घ्या

टेकडी सगळ्यांची असं आपण म्हणतो, पण कागदावर तिचे तुकडे असतात. काही भाग वनविभागाचा, काही महापालिकेचा, काही खासगी मालकांचा, काहींवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण. एकाच उतारावर हे सगळे प्रकार सापडू शकतात.

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट किंवा सर्व्हे नंबर बघा, त्यावरून सातबारा काढा. शहरात बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड असतं. जमीन वनविभागाची असेल तर वनरक्षकांना आधी प्रत्यक्ष भेटा. टेकडीवर रोज फिरणारा माणूस तोच असतो, आणि पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला सगळ्यात जास्त मदत त्याचीच होणार आहे. मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्या. महापालिकेची जागा असेल तर उद्यान विभागाकडे जा.

आमच्याकडे मागितलेली आणि आम्ही स्वतःहून जोडलेली कागदपत्रं अशी होती:

- साध्या मराठीत एका पानाचा अर्ज
- जागेचा नकाशा, गट नंबर आणि मोबाइलवरून घेतलेल्या चार कोपऱ्यांच्या खुणा
- कामाचा आराखडा: काय काढणार, काय लावणार, कोणत्या महिन्यात
- रोपांच्या जातींची यादी
- तीन वर्षं पाणी आणि देखभाल करण्याचं लेखी आश्वासन
- नोंदणीकृत संस्थेचं किंवा सोसायटीचं पत्र
- दोन जबाबदार व्यक्तींची नावं, फोन आणि ओळखपत्राच्या प्रती

अर्जाची पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली प्रत घरी ठेवा. एका कार्यालयात आमचा अर्ज गहाळ झाला होता, पोच नसल्यामुळे सगळं पहिल्यापासून करावं लागलं आणि तो पावसाळा हातचा गेला. म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या. मे महिन्यात दिलेल्या अर्जाची परवानगी कधीकधी ऑगस्ट संपताना हातात पडते.

सगळ्यात मोठा सापळा इथं आहे. "परदेशी झाड आहे, तोडलं तर काय बिघडलं?" असं म्हणून कोयता चालवू नका. वनजमिनीवर परवानगीशिवाय झाड तोडणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे. शहरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या अंगणातलं झाडही तोडता येत नाही. वनजमिनीवरून बी गोळा करायचं असेल तर तेही अर्जात लिहा.

३. माणसं मोजा, त्यावरून रोपं ठरवा

आमचा साधा हिशोब असा आहे. उन्हाळ्यात एक माणूस एका सकाळी दहा लिटर पाणी उतारावर घेऊन जातो, फार तर दोन खेपा करतो. एका रोपाला एका वेळी पाच लिटर. म्हणजे एका माणसाची चार रोपं. आठवड्यातून दोन सकाळी निम्मी-निम्मी अशी वाटून घेतली तर आठ. आता नियमित येणारी माणसं मोजा. व्हॉट्सअ‍ॅप गटात साठ नावं असतील. त्यातले मे महिन्याच्या रविवारी सहा वाजता टेकडीच्या पायथ्याशी उभे राहणारे किती? आमच्यात अकरा निघाले. अकरा गुणिले आठ, अठ्ठ्याऐंशी. त्या वर्षी आम्ही ऐंशी रोपं लावली आणि त्यातली एकसष्ट पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोचली.

एखादी कंपनी येऊन "आम्ही पाचशे रोपं देतो, एका दिवसात लावून टाकू" म्हणाली तर नम्रपणे विचारा की मार्चपासून जूनपर्यंत पाणी कोण देणार. तो खर्च आणि ती माणसं द्यायला तयार असतील तर जरूर हो म्हणा.

४. आधी काढायचं काय ते ठरवा

या कामातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी फोटो काढला जाणारा भाग हा आहे. आमच्या रविवारांपैकी निम्म्याहून जास्त रविवार तण काढण्यात जातात.

घाणेरी, म्हणजे टणटणी. नुसती वरून छाटली की दुप्पट जोमानं फुटते. पाऊस पडून माती मऊ झाली की बुंध्याशी कुदळ घाला आणि जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली मुळाचा जाड भाग तोडा. फुटवे येण्याची जागा वरच्या तुकड्याबरोबर निघून यायला हवी. निघालेलं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा, म्हणजे परत रुजत नाही. काळी पिकलेली फळं दिसली तर आधी ती पोत्यात भरा. बुलबुल ती खातात आणि बी टेकडीभर पसरवतात. तेच बुलबुल घाणेरीच्या जाळीत घरटं करतात, तेव्हा कुदळ घालण्याआधी जाळी हातानं बाजूला करून आत नीट बघा. घरटं असेल तर ती जाळी पिल्लं उडेपर्यंत तशीच ठेवायची. सगळी घाणेरी एकदम काढू नका. एक पट्टा काढा, तिथं देशी झुडपं उभी राहू द्या, मग पुढचा.

गाजर गवत. पुण्यात १९५०च्या दशकात याची पहिल्यांदा नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेलं, म्हणून याच्याबद्दल मला आपली खास जबाबदारी वाटते. फुलावर येण्याआधी, जुलै-ऑगस्टमध्ये, मुळासकट उपटा. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. याच्यामुळं अंगाला खाज उठते, दमा असणाऱ्यांना त्रास होतो. आपल्या गटात ज्यांना त्रास झाला त्यांना पुन्हा हे काम देऊ नका. पानांवर पांढरट अंगाचे, काळ्या वळणदार रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर ती झाडं सोडून द्या. हे भुंगेरे १९८०च्या दशकात मेक्सिकोतून मुद्दाम आणून सोडले आहेत, ते गाजर गवताची चाळण करतात.

कॉसमॉस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतारच्या उतार केशरी होतात आणि लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. दिसायला सुरेख आहे, हे मान्य. पण हे मेक्सिकोकडचं फूल आहे आणि त्याच्याखाली आपला तेरडा, कळलावी, गवतं दबून जातात. कळी धरताना उपटलं तर सहज निघतं. बी पडल्यावर उपटलं तर आपणच पेरणी केल्यासारखं होतं. उपटताना फिरायला आलेली माणसं हटकतात, "फुलं का तोडता?" भांडू नका. शेजारी गवतात लपलेलं एखादं देशी फूल दाखवा. आमच्या गटातल्या दोघीजणी अशाच हटकायला आल्या होत्या.

गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. हा कठीण प्रश्न आहे. मध्य अमेरिकेतलं हे झाड पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलं गेलं, कारण ते लवकर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत आणि उघडी टेकडी दोन-तीन वर्षांत हिरवी दिसते. त्याच्या दाट सावलीत गवत राहत नाही आणि तोडलं तर बुंध्यापासून दहा फांद्या फुटतात. मोठ्या झाडांना स्वयंसेवकांनी हात लावायचा नाही. तो निर्णय वनविभागाचा. तुम्ही काय करू शकता? पावसाळ्यात त्याची हातभर उंचीची रोपं मुळासकट उपटू शकता, आणि जिथं एखादं जुनं गिरिपुष्प पडून उजेड आला आहे तिथं देशी झाड लावू शकता. सुबाभळीचंही असंच. ती शेंगांनी लदलेली असते, म्हणून तिची पिल्लं दरवर्षी काढावी लागतात.

तणनाशक फवारू नका. कातळावरचं पाणी सरळ ओढ्यात जातं आणि फवारा गवत-तण असा भेद करत नाही.

५. रोपं स्वतः वाढवा

रोपवाटिकेत जाऊन "देशी झाडं द्या" म्हटलं की सप्तपर्णी, करंज, वड, पिंपळ, कडुनिंब समोर येतात. कधी गुलमोहर आणि काशीदसुद्धा देशी म्हणून दिली जातात. गुलमोहर मादागास्करचा आहे. वड-पिंपळ आपलेच, पण वीतभर मातीच्या पठारावर त्यांना उभं करण्यात त्यांचंही भलं नाही. भारतात कुठंतरी उगवतं म्हणून ते या उतारावरचं होत नाही. तुमच्या वर्षभराच्या वहीत जी नावं आली तीच तुमची यादी.

आमच्या यादीत मेडशिंगी, वारस, गणेर, कांडोळ, सालई, मोई, बहावा, पळस, आपटा, हिवर, खैर, शिवण ही झाडं आहेत आणि धायटी, मुरुडशेंग, तरवड, हेंकळ, करवंद ही झुडपं. झुडपांकडे दुर्लक्ष करू नका. उघड्या उतारावर ती झाडांपेक्षा लवकर टिकतात, आणि तरवडीच्या आडोशाला आपसूक उगवलेली मोठ्या झाडांची रोपं मी स्वतः पाहिली आहेत.

बी शक्यतो याच टेकडीवरचं किंवा शेजारच्या टेकडीवरचं घ्या. एकाच झाडाचं सगळं बी ओरबाडू नका. आठ-दहा झाडांकडून थोडं थोडं घ्या आणि निम्म्याहून जास्त झाडाखालीच राहू द्या. ते पाखरांचं, मुंग्यांचं आणि टेकडीचं आहे.

प्रत्येक बियाणाची तऱ्हा वेगळी असते:

बहाव्याच्या काळ्या लांब शेंगा हिवाळ्यात पिकतात. फोडल्या की आत चिकट गर आणि नाण्यांसारख्या रचून ठेवलेल्या बिया. बी फार टणक असतं. खडबडीत फरशीवर एक बाजू घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ज्या बिया फुगल्या त्या पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. गणेराच्या बीलाही हीच युक्ती चालते, फक्त त्याभोवतीचा कापूस आधी काढून टाकावा लागतो.

मेडशिंगीची शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली असते. ती झाडावर उकलण्याआधी, तपकिरी होताच काढा. उकलली की कागदासारखं हलकं बी वाऱ्यावर जातं. हे पेरायला फार सोपं आहे, नव्या माणसानं इथून सुरुवात करावी.

पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं. वैशाख-ज्येष्ठात पडतं आणि ताजं असतानाच रुजतं, म्हणून साठवू नका. मी ते पिशवीत लावतच नाही, पहिला पाऊस झाला की जागेवरच दोन बोटं खोल टोचते. त्याचं मूळ सरळ खोल जातं, पिशवीत ते गुंडाळलं जातं.

कांडोळीचं फळ उघड्या हातानं धरू नका. लालसर मखमली चांदणीसारखं दिसतं, पण त्यावरची लव कातडीत घुसते आणि तासन्‌तास आग होते. चिमट्यानं किंवा जाड हातमोज्यानं घ्या.

सालईचं बी फार कमी रुजतं. ती आणि पांगारा जाड फांदीपासून होतात. फांदी तोडायला परवानगी लागते, त्यामुळे वनविभागाच्या रोपवाटिकेशी बोलून हे करा.

रोपांसाठी दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चालतात. तळाला चार भोकं पाडा. दोन भाग टेकडीच्या पायथ्याची माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. पिशव्या गच्चीत ठेवल्या तर महिन्यातून एकदा उचलून जागा बदला, नाहीतर मुळं भोकातून बाहेर येऊन पसरतात. पहिल्या वर्षी रोप वीतभरच होईल. घाबरू नका, ते खाली मूळ करत असतं. दुसऱ्या पावसाळ्यात दीड-दोन फुटांचं झालं की टेकडीवर न्या. सावलीत लाडानं वाढवलेलं रोप एकदम उन्हात नेऊ नका, एप्रिलपासून हळूहळू ऊन दाखवा आणि पाणी कमी करा.

बियांचे गोळे करून फेकायचा कार्यक्रम लहान मुलांसाठी रंजक असतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आम्ही दोन वर्षं करून बघितलं. बहुतेक गोळे कडक होऊन जागीच राहिले, उरलेल्यांतलं बी मुंग्यांनी नेलं.

६. लावणी

५ जूनचा मोह टाळा. पर्यावरण दिनाला पुण्यात बहुतेक वेळा एखादा वळवाचा पाऊस झालेला असतो, नंतर पंधरा दिवस कडक ऊन पडतं आणि रोपं करपतात. जमिनीत पहार घाला. वीतभर खाली ओल लागली की लावणीला सुरुवात करा. आमच्याकडे हे जूनच्या शेवटी ते जुलैच्या मध्यावर होतं. जुलै संपला की थांबा, त्यानंतर लावलेल्या रोपाला मूळ धरायला दिवस उरत नाहीत.

खड्डे मे महिन्यात घ्या, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. मुरमात पहार आणि टिकाव लागतो, एका खड्ड्याला दोन माणसं आणि अर्धा तास धरा. जिथं चांगलं गवत किंवा कंद आहेत तिथं खणायचं नाही. घाणेरी काढलेली जागा, जुना खणलेला भाग, राडारोडा टाकलेली कड, तिथं खणा. दगड उलटवताना आधी काठीनं हलवा, खाली विंचू असतात. पावसाळ्यात गवतात पाय टाकताना घोटा झाकणारे बूट हवेत आणि काठी आपटत चाला, म्हणजे घोणस किंवा नाग असला तर तो वाट सोडतो.

बाहेरून ट्रकनं "बागेची लाल माती" आणू नका. तिच्यातून गाजर गवताचं बी फुकट येतं. खड्ड्यातून निघालेल्याच मातीतला वरचा काळा थर वेगळा ठेवा, त्यात घमेलंभर शेणखत मिसळा आणि तो मुळांशी घाला.

पिशवी फाडून काढायचीच. हे लिहावं लागतं, कारण प्लॅस्टिकसकट लावलेली रोपं मी हातानं उकरून काढली आहेत. तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर तेवढी कात्रीनं कापा. लावणी संपल्यावर पिशव्या मोजा. ऐंशी रोपं लावली तर ऐंशी पिशव्या खाली आल्या पाहिजेत.

उतारावर गोल आळं वाहून जातं. रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घाला, त्यावर दगड रचा. आळ्यात गवताऐवजी चपटे दगड पसरा. ओल धरून ठेवतात, वाळवी लागत नाही आणि वणव्यात पेटत नाहीत. रोपाभोवती हिवराच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या उभ्या करा. लोखंडी जाळी चोरीला जाते.

रांगेत लावू नका. ओढ्याच्या कडेला दाट, उतारावर पाच-सहा मीटर अंतर, पठारावर जवळपास नाहीच. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार झाडं लावायची मियावाकी पद्धत या टेकड्यांच्या गवताळ उतारांवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथलं गवत आणि गवतातलं सगळं जीवन तिच्यात संपतं.

७. पाणी आणि वणवा

पाऊस ऑक्टोबरमध्ये थांबतो. पहिलं पाणी साधारण दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदा, मार्चपासून दर आठ ते दहा दिवसांनी पाच लिटर. सकाळी आठच्या आत संपवा. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा एकदाच भरपूर आणि सावकाश द्या, म्हणजे मूळ खाली जातं. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, तिसऱ्या उन्हाळ्यात फक्त एप्रिल-मेमध्ये. मग थांबा. एप्रिलमध्ये पानं गळाली म्हणून रोप मेलं असं समजू नका, ही पानगळीचीच झाडं आहेत. नखानं साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे.

पाणी कुठून आणायचं हे लावणीआधी ठरवा. पायथ्याच्या सोसायटीची बोअरवेल, सांडपाणी शुद्ध केलेलं पाणी, जवळचं मंदिर, काहीही चालेल, पण शब्द घेतलेला हवा. तेलाचे पाच लिटरचे कॅन गोळा करून पायथ्याशी ठेवा आणि "वर जाताना एक घेऊन जा" असा फलक लावा. फिरायला येणारे आजोबासुद्धा एक कॅन नेतात.

फेब्रुवारी ते जून वणव्याचे दिवस. बहुतेक वणवे माणसांनी लावलेले असतात: विडी, पार्टीचा जाळ, नवं गवत चांगलं येतं या समजातून. जानेवारीत वनरक्षकांशी बोलून जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, कुठं घ्यायच्या ते ठरवा आणि रोपांभोवती दीड मीटर गवत विळ्यानं कापा. धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. वाऱ्याच्या दिशेनं आगीसमोर उभं राहू नका. लहान मुलांना आणि नवख्या माणसांना आग विझवायला नेऊ नका, रोपं परत लावता येतात.

८. नोंदवही

प्रत्येक रोपाला क्रमांक द्या. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं आकडा टोचा आणि तो शेजारच्या काठीला बांधा. खोडाला तार गुंडाळू नका, खोड वाढतं आणि तार आत रुतते. वहीत रकाने पाच: क्रमांक, जात, बी कुठल्या झाडाचं, लावणीची तारीख, दर तीन महिन्यांनी उंची आणि तब्येत. मेलेल्यांचीही नोंद ठेवा आणि कारण लिहा. आमच्या वहीत सलग दोन वर्षं एकाच कोपऱ्यातली शिवण मरत होती. तिथं पावसात पाणी साचतं हे वहीमुळे लक्षात आलं. आता तिथं आम्ही काहीच लावत नाही आणि त्या ओलसर खळग्यात बेडकांची अंडी असतात.

नव्या माणसाला पहिल्या रविवारी रोप देऊ नका. आधी वही हातात द्या आणि चाळीस क्रमांक शोधून यायला सांगा.

आणि पहिल्या रविवारी येताना हे आणा: जुने जाड हातमोजे, घोटा झाकणारे बूट, टोपी, दोन लिटर पाणी, खुरपं, एक रिकामं पोतं, पेन्सिल. अत्तर किंवा सुगंधी तेल लावून येऊ नका, कड्याला आग्या मोहोळ असतं. कुदळ, पहार, टिकाव, फावडी, घमेली, विळे ही अवजारं गटाची असतात. प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष मिळतं त्याचा पत्ता, गटातल्या किमान दोघांकडे असू द्या.

सकाळी सहाला या. साडेआठपर्यंत ऊन चढतं.